पुरं भिजलेलं बोट

माथेखारच्या शेतात खारं पाणी शिरलं त्या वेळी दर्शना घरत चौदा किलोमीटर दूर, दांडेखारला, दुपारची भाकरी थापत होती आणि तिच्या पडद्यावर सगळं हिरवंगार होतं. नऊच्या नऊ उघाड्या, म्हणजे खाडीच्या बांधांतली दारं, हिरव्या. म्हणून मुलीचा फोन आला तेव्हा तिनं पिठाच्याच हातानं तो उचलला आणि लाडानं विचारलं, "बोल गो बाय, आज दुपारचीच आठवन झाली?"

"आई, पानी आलं," मनवा म्हणाली. तिला धाप लागली होती. "दार उघडंच राहिलं. खालच्या सात खाचरांत खारं पानी. आठ दिस नाय झाले लावनीला."

दर्शनानं तवा खाली उतरवला. पलीकडून दुसरा आवाज आला, फोनपासून लांब उभं राहूनही नीट ऐकू येईल असा. "तुझ्या आयसला विचार, तिच्या उघाडीनं खोटा आकडा का पाठवला."

तो आवाज होता हेमलता पाटील यांचा. मनवाच्या सासूबाई, म्हणजे दर्शनाच्या विहीणबाई, आणि माथेखारच्या नवव्या उघाडीच्या राखणदार. दर्शना पहिल्या उघाडीची राखणदार. खाडीच्या दोन टोकांना दोन विहिणी बसलेल्या, अन् मध्ये सात गावं. लग्नात सगळ्यांनी याची थट्टा केली होती, की आता भरतीसुद्धा आहेर घेऊन जाईल. आज ती खरोखरच गेली होती.

खाचरात एकदा खारं पाणी बसलं की तीन वर्षं भात होत नाही. हे त्या भागात शाळेत शिकवावं लागत नाही.

रेवळी खाडी वळणं घेत घेत आत घुसते. दोन्ही काठांना मातीचे बांध, बांधांमागे भातखाचरं, आणि बांधांत ठरावीक ठिकाणी दारं. त्या दारांना उघाडी म्हणतात. ओहोटीला दार उघडून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि मोठ्या भरतीला दार लावून खाडीचं पाणी बाहेर अडवायचं. पिढ्यान्‌पिढ्या ही दारं लाकडी होती आणि पाण्याच्या रेट्यानं आपली आपण मिटायची. मग समुद्र चढला. पंचवीसेक वर्षांत वीतभर वर आला. लाकडी फळ्या उधाणाला काडीसारख्या मोडू लागल्या, तेव्हा त्यांच्या जागी जाड, जड दारं आली. ती सूर्यावर चालणाऱ्या मोटरीनं बंद होत आणि पुरती बंद व्हायला चाळीस मिनिटं घेत.

सगळी अडचण त्या चाळीस मिनिटांत होती. पाणी दारात आलेलं डोळ्यांना दिसेपर्यंत थांबलं तर उशीर होणार. म्हणून खाडीच्या तोंडाशी दर्शनाच्या उघाडीत एक तरंगा बसवला होता. पाणी उंबरठ्यापासून किती बोटं वर आलं ते तो सांगे. तो आकडा रेडिओवरून दुसऱ्या उघाडीकडे जाई. खाडी आत अरुंद होत जाते आणि पाण्याला वर ढकलते, शिवाय वारा असतो, ओढे असतात. म्हणून दुसरी उघाडी त्यात आपल्या भागातला चढ मिळवी आणि बेरीज तिसरीकडे पाठवी. असं करत करत आकडा माथेखारला पोचे. तिथं तो सत्तर किंवा त्याहून जास्त भरला, की दार बंद व्हायला लागे. प्रत्यक्ष पाण्याला तोंडापासून माथ्यापर्यंत यायला सव्वा तास लागतो. आकडा काही सेकंदांत येतो. चाळीस मिनिटांच्या दाराला एवढी सवड पुष्कळ होती.

रेडिओ मात्र साधे होते. चिखलात, कांदळवनात दहा दहा वर्षं एका बॅटरीवर तग धरायची, तर बडबड कमी करावीच लागते. ते एका वेळी एकच आकडा पाठवत, तोही पूर्णांक, नऊशे नव्याण्णवपर्यंतचा. अपूर्णांक त्यांना झेपत नव्हता.

आणि हे सगळं जुळवलं होतं गावकऱ्यांनीच. प्रत्येक वळणावर खाडी वेगळी वागते आणि ते तिथल्या माणसाइतकं कुणाला कळत नाही, म्हणून प्रोग्राम राखणदारांनीच करावेत असं ठरलं होतं. तिसरीतली मुलं शिकतात तेच रंगीत ठोकळे. पडद्यावर एकाला एक चिकटवायचे: हा आकडा घे, यात हा मिळव, पूर्णांक कर, पुढे पाठव. दांडेखारच्या शाळेत, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन, नऊ राखणदार आठ दिवस ते शिकले होते. त्यातली निम्मी माणसं आजी-आजोबा झालेली होती.

अमावास्येला पाणी शिरलं, त्याच्या चौथ्या दिवशी चौकशीचे साहेब येऊन गेले. त्यांनी नऊही प्रोग्राम तपासले, एकेका उघाडीचा त्या अमावास्येचा आकडा पाहिला आणि प्रत्येकीपुढे 'निर्दोष' लिहिलं. शेवटी कारण लिहिलं ते 'असाधारण भरती'.

मनवानं ते फोनवर वाचून दाखवलं तेव्हा हेमलताबाईंनी फोन तिच्या हातातून घेतला. "विहीणबाय, माज्या दाराला तुमचा आकडा पासष्ट म्हनून मिलाला. आनि मी डोल्यानं बघितलं ते सत्तरच्या वर पानी. सगले निर्दोष, मग सहा बोटं पानी कोनी खाल्लं?"

"बघते मी."

"बघा नायतर राहू दे. नारली पुनवेला मी मोटरीची वायर काढून ठेवनार. मी आनि मनवा हातानं चाक फिरवू. मना कुनाचा आकडा नको."

हाताच्या चाकानं दार लावायला दोन माणसांना दीड तास लागतो. पुनवेचं उधाण अमावास्येपेक्षा मोठं येणार होतं. तशा उधाणात बांधावर उभं राहून, एकसष्ट वर्षांची बाई आणि आपली मुलगी चाक फिरवत आहेत हे चित्र दर्शनाच्या डोळ्यांपुढे आलं. बांध फुटला तर आधी चाकापाशी उभं असलेलं माणूस जातं. तिच्या हातात अकरा दिवस होते.

रागही आला होताच. विहीणबाईंचा स्वभाव तिखट, हे लग्न ठरवतानाच कळलं होतं. पण म्हणून खोटारडी ठरवायचं? दर्शनाचे वडील याच उघाडीवर चाळीस वर्षं होते. त्यांच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. तिनं पदर खोचला, पडवीतली टोपली-पाटी बाजूला केली आणि खडू घेऊन जमिनीवर नऊ चौकोन काढले.

त्या अमावास्येची सगळ्या उघाड्यांची नोंद तिच्याकडे होती. पहिल्या चौकोनात तिनं स्वतःच्या तरंग्याचं माप लिहिलं: एकसष्ट पूर्णांक आठ. पुढच्या आठ चौकोनांत एकेका उघाडीचा चढ लिहिला: एक पूर्णांक आठ, शून्य पूर्णांक सात, एक पूर्णांक सहा, असं शेवटपर्यंत. मग नुसती सरळ बेरीज केली. एकाहत्तर पूर्णांक आठ आले.

ती उठली, पाणी प्यायली आणि पुन्हा बेरीज केली. तेवढीच आली. म्हणजे विहीणबाईंचे डोळे बरोबर होते.

मग ती स्वतःच एकेक उघाडी झाली. पहिल्या चौकोनावर उभी राहून तिनं आपल्या प्रोग्रामात लिहिलं होतं तेच केलं: एकसष्ट पूर्णांक आठचा पूर्णांक, खाली. एकसष्ट. पुढच्या चौकोनावर गेली. एकसष्टात एक पूर्णांक आठ मिळवले, बासष्ट पूर्णांक आठ झाले. पूर्णांक, खाली. बासष्ट. तिसऱ्यावर शून्य पूर्णांक सात मिळवले. बासष्ट पूर्णांक सात. पूर्णांक, खाली. पुन्हा बासष्टच. तिसऱ्या गावानं आपला सगळा चढच गिळून टाकला होता आणि त्या बिचाऱ्यांना ढेकरही आला नव्हता. त्रेसष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट, चौसष्ट, पासष्ट. नवव्या चौकोनावर ती पोचली तेव्हा तिच्या हातात पासष्ट होते.

कुणीही खोटं बोललं नव्हतं. प्रत्येक गावानं एका बोटाहून कमी पाणी सोडून दिलं होतं. साहेबांनी एकेक उघाडी सुटी तपासली, त्यांना काय दिसणार? नऊ जणांनी थोडं थोडं टाकलं आणि माथ्याला पोचेपर्यंत जवळजवळ सात बोटं खाडी गायब झाली.

दर्शना नवव्या चौकोनातच थांबली. कारण आता तिला तो वर्गातला दिवस आठवला.

पूर्णांक करायच्या ठोकळ्याला एक बारीक बाण होता. तो दाबला की तीन पर्याय उघडत: वर, खाली, जवळ. शिकवणाऱ्या कल्याणकर मॅडमनी विचारलं होतं, "यातला कोणता घ्यायचा? तुमच्याकडे मापायची पद्धत काय आहे?" आणि दर्शनानं झटकन हात वर केला होता. तिचे वडील बांबूची काठी पाण्यात घालत, काठीवर बोटाबोटावर खुणा असत आणि शेवटची खूण अर्धी भिजली असेल तर ते ती सोडून देत. पुरं बोट भिजल्याशिवाय बोट मोजायचं नाही, हा त्यांचा दंडक. अर्ध्या बोटाला घाबरून दार लावलं तर शेतातलं पावसाचं पाणी कोंडतं, हे त्यामागचं शहाणपण. दर्शनानं ते छाती फुगवून वर्गाला सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, कारण सगळ्यांचे बाप तसंच मोजत. नऊही जणांनी बाण दाबून 'खाली' निवडलं होतं.

वडिलांची चूक नव्हती. ते एकदाच मोजत आणि आपल्याच दारापुरतं मोजत. एका बोटाहून जास्त त्यांचं कधी चुकणारच नव्हतं. त्यांचा नियम नऊ वेळा, एकापुढे एक लावला तर काय होईल, हे विचारायला ते हयात नव्हते, आणि जी होती तिनं विचारलं नाही. दर्शनाला शरम वाटली, अगदी कानांपर्यंत गरम झाली. मग तिनं चौकोन पुसले आणि नवे काढले, कारण शरमेनं दार लागत नाही.

आधी तिनं सगळीकडे 'वर' करून पाहिलं. शेवटी चौऱ्याहत्तर आले. खऱ्यापेक्षा दोन बोटं जास्त. अमावास्येला ते चाललं असतं. पण ज्या दिवशी खरं पाणी अडुसष्ट असेल त्या दिवशी दार विनाकारण लागेल आणि पावसाळ्यात आतलं भात गोड्या पाण्यात बुडून कुजेल. 'जवळ' घेऊन पाहिलं, तर त्या दिवसाच्या आकड्यांना तेही चौऱ्याहत्तरच येत होतं. तीन पर्याय होते, तिन्ही संपले. ती दोन दिवस चिडचिडी होऊन वावरली. तिसऱ्या दिवशी तिनं कल्याणकर मॅडमना फोन केला.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "दर्शनाताई, पूर्णांक करणं म्हणजे माहिती फेकून देणं. गणित संपेपर्यंत फेकायची नाही. अगदी शेवटी, एकदाच."

"पन मॅडम, रेडिओ पूर्णांकच नेतो."

"हो ना. रेडिओ बदलायला दोन वर्षं लागतील. मी उघाड्यांच्या समितीपुढे ठेवते, पौर्णिमेनंतरच्या बैठकीत."

दर्शनानं आभार मानून फोन ठेवला. समितीची बैठक पौर्णिमेनंतर होती आणि समुद्र पौर्णिमेला येणार होता. ती संध्याकाळच्या ओहोटीला दार उघडायला बांधावर गेली. तिथं तरंग्याच्या पट्टीवर बोटांच्या खुणा होत्या आणि प्रत्येक बोटाचे बारीक बारीक दहा भाग. ती त्या भागांकडे बघत उभी राहिली. बोटं मोजायची कशाला? हे भागच मोजले तर? एकसष्ट पूर्णांक आठ बोटं म्हणजे सहाशे अठरा भाग. सहाशे अठरा हा पूर्णांकच आहे की! त्यात अठरा भाग मिळवायचे, मग सात, मग सोळा. सगळे पूर्णांक. रेडिओ खूश. शेवटच्या उघाडीनं दहानं भागायचं आणि तिथं, एकदाच, पूर्णांक करायचा.

तिनं बांधावरच बोटांनी चिखलात मांडलं. शेवटी सातशे अठरा आले. दहानं भागून एकाहत्तर पूर्णांक आठ. आणि जास्तीत जास्त पाणी नव्वद बोटं म्हणजे नऊशे भाग; रेडिओच्या नऊशे नव्याण्णवात ते बसत होतं. दर्शना एकटीच मोठ्यानं हसली. बांधावरचे बगळे उडाले.

प्रत्येक प्रोग्रामात दोन-तीनच ठोकळे बदलायचे होते, आणि राखणदाराला आपले ठोकळे बदलायची परवानगी होतीच. मेख एकच होती. सगळ्यांनी एकाच ओहोटीत बदलायला हवं होतं. एक जरी जुना राहिला, तरी तो सहाशे अठरा भागांना सहाशे अठरा बोटं समजणार, आणि पुढचा हिशोब बिघडणार; नववीच जुनी राहिली, तर माथ्याचं दार कायमचं मिटून बसणार.

पुढचे चार दिवस ती स्कूटर घेऊन खाडीकाठानं फिरली. गावोगाव अंगणात खडूनं चौकोन काढले आणि त्या त्या राखणदारालाच त्यांवरून चालायला लावलं. पाचव्या उघाडीचा रोशन मोकल म्हणाला, "ताई, साहेबानं मना निर्दोष लिवलंय. तू कशाला दोषी करतेस?"

"तू निर्दोषच हायस रे. चाल आता पाचव्या चौकोनावरून. हातात काय घेऊन आलास आनि काय घेऊन चाललास ते बोल."

रोशन चालला. चौकोन ओलांडून थांबला, मागे वळून बघितलं आणि डोकं खाजवलं. "आयला, शून्य पूर्णांक नऊ माझ्या खिशातच राहिलं की!"

सात जण तयार झाले. पुनवेच्या आदल्या दिवशी दुपारी ती माथेखारला पोचली.

हेमलताबाई बांधावर चाकाला वंगण लावत होत्या. मोटरीची वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली. मनवा चाकाच्या दुसऱ्या बाजूला, तळहातांना फडकी बांधून उभी होती. म्हणजे सराव चालला होता. बांधाखाली सात खाचरांतलं भात पिवळं पडून आडवं झालं होतं. दर्शनानं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली नाही.

"बसा," हेमलताबाई म्हणाल्या. विहिणीला उभं ठेवण्याइतका राग त्यांनाही परवडणार नव्हता. "पन ठोकल्यांचं बोलनार असाल तर मना पडदा दाखवू नका. पडद्यावर सगलं हिरवंच दिसतं."

"पडदा नाय आनला. तोंडानं बोलते, तुमी तोंडानं मोजा."

हेमलताबाईंचा तोंडी हिशोब सगळ्या खाडीत प्रसिद्ध होता. दर्शना एकेक आकडा सांगत गेली. त्या वंगणाचा हात न थांबवता बेरीज करत गेल्या. पहिल्यांदा दर गावाला उरलेला भाग सोडून. "पासष्ट," त्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा काहीही न सोडता. मध्येच त्यांचा हात थांबला. त्यांनी आकडे पुन्हा विचारून घेतले आणि पुन्हा बेरीज केली.

"एकाहत्तर पूर्णांक आठ." त्या चाकावर रेलून उभ्या राहिल्या. "नऊ जनांनी थोडं थोडं खाल्लं."

"हां."

"खाली घ्यायचं कोनी ठरवलं होतं? वर्गात कोनी तरी बोललं होतं. मी मागं बसले होते."

मनवानं आईकडे पाहिलं. तिला माहीत होतं. दर्शनानं तिला फोनवर सांगितलं होतं आणि तिनं आईला बजावलं होतं की हे सासूबाईंपुढे काढू नकोस, नऊ जणांची चूक आहे, नऊ जणांत राहू दे.

"मी बोलले होते," दर्शना म्हणाली. "बापसाचा नियम म्हनून मोठेपनानं सांगितला. तुमची सात खाचरं माज्यामुलं गेली. पुनवेला उरलेली जाऊ नयेत म्हनून आले."

खाडीत ओहोटी लागली होती आणि चिखलात खेकड्यांची भोकं उघडी पडत होती. हेमलताबाईंनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट करून.

"मी माफ करनार नाय," त्या म्हणाल्या. "तीन वर्सं त्या खाचरांकडे बघनार मी रोज. तवर तुमची आठवन येनारच."

"येऊ दे."

"पन मोजमाप तुमचं बरोबर हाय." त्यांनी मनवाकडे वळून सांगितलं, "वायर लाव गो. आनि तो पडदा आन. काय बदलायचं ते मीच बदलनार, कोनी हात लावायचा नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीत, ठरल्या वेळी, नऊ गावांत नऊ माणसांनी ठोकळे बदलले. दर्शनानं 'गुणिले दहा'चा ठोकळा पूर्णांकाच्या आत बसवला तेव्हा तो टक् करून चिकटला. बस्स, एवढंच काम. नवशिक्या पोराचं.

दुपारी पाऊण वाजता दांडेखारला भरतीचा कळस आला. वारा समुद्रावरून आत येत होता आणि पाऊस आडवा लागला होता. दर्शनाचं स्वतःचं दार केव्हाच बंद होतं. तिच्या तरंग्यानं चौसष्ट पूर्णांक तीन दाखवलं आणि सहाशे त्रेचाळीस निघाले. पडद्यावर आकडा गावामागून गाव चढत गेला. सहाशे सत्तावन्न, सहाशे सहासष्ट. पाचवीला, रोशनकडे, सहाशे एक्याण्णव. माथेखारला पोचला तेव्हा सातशे सेहेचाळीस होता. नववी उघाडी पिवळी झाली. दार बंद व्हायला लागलं.

तिनं उगाच जुन्या पद्धतीनं मांडून पाहिलं. एकोणसत्तर आले असते. एका बोटासाठी दार उघडं राहिलं असतं.

पंधरा मिनिटांनी फोन वाजला. मनवा पावसात ओरडत होती. "आई, खाडीत पानी अजून कुठंच नाय! पन्नास बोटं पन नसेल. आनि दार अर्धं लागलंय, आत पावसाचं पानी तुंबायला लागलंय. सासूबाई लाल बटनावर हात ठेवून उभ्या हायत. गावातले म्हनतात थांबवा, उघडा. थांबवायचं काय?"

दर्शनानं डोळे मिटले. तिथं, चौदा किलोमीटरवर, चार वळणांच्या पलीकडे काय दिसतंय हे तिला दिसत नव्हतं. तिच्यापाशी एक आकडा होता आणि तो तिनं एकदा चुकवलेला होता. आतलं भात बुडालं तर तेही तिच्याच नावावर जाणार होतं.

"फोन सासूबाईंच्या कानाला लाव," ती म्हणाली. वाऱ्याचा घों घों आवाज आला. "विहीणबाय, थांबवू नका. पानी अजून तिसऱ्या वलनात हाय. येतंय ते. मी सोडलंय हितून, मना माहीत हाय. चौऱ्याहत्तर पूर्णांक सहा."

फोन चालू राहिला. दर्शना तो कानाला गच्च धरून उभी होती. पाऊस, वारा, कुणाचं तरी ओरडणं, मोटरीची संथ घरघर. घरघर थांबली नाही, एवढं तिला कळत होतं. ती तेवढीच ऐकत राहिली. मग घरघर थांबली आणि एक जड ठप्प आवाज झाला. दार लागलं होतं की कुणी बटण दाबलं होतं, ते तिला समजेना.

नंतर कुणीतरी "आलं, आलं!" म्हणून ओरडलं आणि फोन बंद पडला.

दर्शना बांधावरच बसली. पडद्यावर नववी उघाडी अजून पिवळी की दार पुरतं लागून पुन्हा हिरवी हे पावसाच्या थेंबांतून दिसत नव्हतं. तिनं पदरानं काच पुसली, पण पदरच ओला होता. तिनं मनवाला तीनदा फोन लावला. लागला नाही. देवाचं नाव घ्यावं असं वाटलं, पण तोंडात सगळ्या गावांचे चढच येत होते. एक पूर्णांक चार, शून्य पूर्णांक नऊ, एक पूर्णांक सहा.

तीन वाजून गेल्यावर फोन आला. मनवाचा नव्हता.

"विहीणबाय," हेमलताबाई म्हणाल्या. आवाज बसलेला होता. "दाराबाहेर काठी घालून मीच मोजलं. पुरी चौऱ्याहत्तर बोटं आनि वर पाच भाग. तुमी सहा बोलला होता."

"आत?" दर्शनाला एवढंच विचारता आलं.

"आत खारा थेंब नाय. पावसाचं चार बोटं तुंबलंय, ते ओहोटीला जाईल. पन एक भाग जास्त कुठं आला ते मना कललं पायजे. उद्या या तुमी. दोघी मिलून एकेक उघाडी तपासू, नववीपासून पहिलीपर्यंत."

"येते," दर्शना म्हणाली. "सकालीच निघते."

"निघा. आनि येताना जेवून येऊ नका."